हिवाळी परसबाग : आधी पाण्याचा हिशेब, मग बियाणे

प्रश्न : आमच्या घरामागे दहा फूट बाय पंधरा फूट काळी जमीन मोकळी आहे. गेल्या हिवाळ्यात मेथी, पालक, टोमॅटो, वांगी, गाजर असे सगळे एकाच आठवड्यात लावले. मेथी एकदम तयार झाल्याने शेजारीपाजारी वाटावी लागली, पुढे महिनाभर पालेभाजी मंडईतूनच आणली आणि टोमॅटो ऐन फुलोऱ्यात पाण्यावाचून वाळले. नळाला पाच दिवसांतून एकदा पाणी येते. बागेसाठी दोनशे लिटरचे एक पिंप राखून ठेवतो. यंदा घरच्या उपयोगाची बाग कशी आखावी?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते पिंप, म्हणून आखणी तेथूनच सुरू करावी. सोलापूरच्या कोरड्या हवेत हिवाळ्यातही भाजीला दर चौरस मीटरला रोज साधारण चार लिटर पाणी लागते. दोनशे लिटर पाच दिवस पुरवायचे, तर रोजचे चाळीस लिटर हाती येतात आणि त्यात दहा चौरस मीटर, म्हणजे सुमारे शंभर चौरस फूट वाफेच नीट भिजतात. उरलेली जागा पायवाटांना द्यावी. तेथे आणखी चार रोपे लावण्याचा मोह टाळावा. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी मिळेल ते वरकड समजावे. वाफ्यांवर ज्वारीच्या कडब्याच्या कुट्टीचा दोन-तीन इंच थर दिल्यास ओल टिकते आणि काळ्या मातीला भेगाही कमी पडतात.

त्यानंतर घरात काय खाल्ले जाते ते पाहावे. भोगी जानेवारीच्या मध्यास येते, त्या दिवशीच्या भाजीला वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा घरचाच हवा असे वाटत असेल, तर दिवस उलटे मोजावेत. गाजराला तीन महिने लागतात, म्हणून ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरलेले असावे. वांग्याचे रोप महिनाभर आधी, सप्टेंबरच्या आरंभी टाकावे, म्हणजे ऑक्टोबरमध्ये लागण होऊन डिसेंबरात फळे धरू लागतात. चौघांच्या घराला वांग्याची चार आणि टोमॅटोची सहा झाडे पुरतात.

मेथीची अडचण तर केवळ पेरणीच्या पद्धतीची आहे. मेथी महिन्याभरात काढणीस येते आणि उशीर झाला की जून होते. म्हणून तिच्या वाफ्याचे चार भाग करून दर आठवड्याला एकच भाग पेरावा आणि रिकामा झालेला भाग पुन्हा पेरावा. पालक मात्र मुळासकट न उपटता कापून घेतला, तर तीन-चार वेळा फुटतो, त्यामुळे त्याला अशी विभागणी लागत नाही.

वांग्याच्या झाडावर रोज सकाळी नजर टाकावी. थंड वेळेलाही एखादा कोवळा शेंडा मान टाकून असेल, तर तो चिरून पाहावा; आत शेंडा पोखरणारी अळी सापडते. असे शेंडे छिद्राच्या खालून कापून लगेच नष्ट केल्यास तीच अळी पुढे फळांत जाण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते, आणि चार झाडांसाठी औषध फवारण्याची वेळ सहसा येत नाही.

पाणी अपुरे पडल्यास बोअरकडे वळण्यापूर्वी ते पाणी चाखून पाहावे. पाणी मचूळ असेल, तर पालक व बीट ते बऱ्यापैकी सोसतात. गाजर, कांदा आणि घेवडा सोसत नाहीत, तेव्हा त्यांना नळाचेच पाणी राखावे. बोअरवर कायम अवलंबून राहायचे असेल, तर पेरणीपूर्वी माती व पाणी दोन्हींची तपासणी करून घ्यावी आणि बियाणे त्या अहवालानंतरच विकत आणावे.