वाचकांचे प्रश्न : ट्रॅक्टर घ्यावा कोणता आणि शेतघरापर्यंत न्यावा कसा?

प्रश्न : मी ठाण्यात कोलशेत भागात राहतो. मुरबाड तालुक्यात म्हसा गावाजवळ आमची अडीच एकर वडिलोपार्जित जमीन आहे. त्यात एक एकर भाताची खाचरे असून उरलेल्या उताराच्या वरकस जमिनीवर आंबा व काजूची कलमे लावली आहेत. निवृत्तीनंतर तेथेच दोन खोल्यांचे कौलारू घर बांधले आहे. नाशिकजवळच्या एका नातेवाइकांचा 45 अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर रोटाव्हेटरसह (माती भुसभुशीत करणाऱ्या फिरत्या पात्यांच्या अवजारासह) विकाऊ आहे. तो घ्यावा का, आणि घेतल्यास स्वतः चालवत ठाण्याला आणून मग शेतावर न्यावा की ट्रकवर चढवून न्यावा? माझ्याकडे मोटारीचा परवाना आहे. कागदपत्रे कोणती पाहावीत? डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंतचा अर्धा किलोमीटर रस्ता कच्चा असून मध्ये ओढ्यावर एक जुनी मोरी आहे. (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटी, जाता जाता लिहिले आहे. कोणता ट्रॅक्टर घ्यायचा आणि तो कशावरून आणायचा, या दोन्ही गोष्टींचा निकाल त्या अर्ध्या किलोमीटरवर लागणार आहे. म्हणून सौद्याचे बोलणे पुढे नेण्यापूर्वी टेप घेऊन तेथे जावे आणि मोरीची रुंदी, वळणावर मिळणारी जागा, खाली आलेल्या फांद्या व विजेच्या तारांची उंची आणि आपल्या फाटकाची मोकळी रुंदी मोजून लिहून ठेवावी. 45 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते, पाच फुटी रोटाव्हेटर आणखी तीनशे-चारशे किलोंची भर घालतो, आणि हे सारे ज्या ट्रकवर चढेल त्याचे स्वतःचे वजन धरले तर एकूण भार पाच-सहा टनांवर जातो. जुन्या मोरीचा स्लॅब एवढा भार पेलेल की नाही, हे गावातल्या ज्या माणसाच्या भाताच्या किंवा विटांच्या गाड्या त्यावरून जातात, त्यालाच विचारणे उत्तम.

आता मूळ प्रश्नाकडे. हा 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आपल्यासाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. देशावरच्या सलग, सपाट वावरात तो शोभतो. आपल्याकडच्या लहान खाचरांत मात्र तो वळेपर्यंत अर्धे खाचर संपते, चिखलणीच्या वेळी वजनामुळे रुततो आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना बांध फोडतो. कलमांच्या ओळींतून जाताना त्याचे मडगार्ड आणि उभा सायलेन्सर फांद्या मोडत जातील, ते वेगळेच. आपल्या कामाला 20 ते 28 अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला छोटा ट्रॅक्टर पुरेसा आहे. त्याचे वजन साधारण पाऊण ते एक टन भरते आणि चाकांमधील अंतर कमी-जास्त करता येते. मात्र अरुंद चाकांवर तो उताराला आडवा चालवू नये. वरकस जमिनीत चाके शक्य तेवढी बाहेर घेऊन उताराच्या दिशेने वर-खाली चालवावा.

सुदैव असे की, आपले नातेवाईक नाशिककडे आहेत. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या द्राक्षपट्ट्यात बागेच्या दोन ओळींमधून जाणारे असेच अरुंद ट्रॅक्टर वापरात असतात, त्यामुळे जुन्या बाजारातही ते मिळतात. त्यांना तसा एखादा शोधायला सांगावे. एक सावधगिरी मात्र घ्यावी : द्राक्षबागेतला ट्रॅक्टर नांगरटीपेक्षा फवारणीच्या ब्लोअरवर अधिक चाललेला असतो, म्हणजे त्याची चाके आणि रंग चांगले दिसले तरी पीटीओ (अवजाराला इंजिनाची ताकद देणारा मागचा फिरता दांडा) आणि क्लच बरेच झिजलेले असू शकतात.

पाहायला जाताना सकाळी लवकर आणि न कळवता जावे. बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवावा. ते कोमट लागले तर मालकाने आधीच चालू करून ठेवले आहे असे समजावे आणि थंड इंजिनावर पुन्हा पाहायला यावे. इंजिन चालू झाल्यावर ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून भकाभक धूर येत असेल, तर रिंगा आणि लायनर यांचा खर्च जवळ आला आहे. रोटाव्हेटर जोडून लिफ्ट पूर्ण उचलावी, इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे थांबावे. एवढ्या वेळात अवजार जमिनीला टेकले तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. पीटीओच्या शाफ्टवरचे दाते हाताने चाचपावेत, स्टिअरिंग किती फिरवल्यावर चाक हलू लागते ते पाहावे आणि भार देऊन प्रत्येक गिअर उडतो का ते तपासावे. तासांचे मीटर आठशे तास दाखवत असेल आणि क्लचच्या पेडलचे रबर झिजून लोखंड चकाकत असेल, तर पेडलवर विश्वास ठेवावा, मीटरवर नव्हे.

कागदपत्रांत इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक प्रत्यक्ष ट्रॅक्टरवरून वाचून आरसी बुकाशी ताडून पाहणे हे पहिले काम. ट्रॅक्टर बहुधा कर्जावरच घेतलेले असतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचे बँकेचे पत्र आणि नमुना 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. तो अनुदानावर घेतलेला आहे का, हेही विचारावे, कारण अशा ट्रॅक्टरच्या विक्रीवर ठराविक काळाचे बंधन असू शकते. मालकी हस्तांतरणासाठी नमुना 29 व 30 भरावे लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यांतर्गत विक्रीची माहिती विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत द्यायची असते. नात्यातला व्यवहार असला की हे काम ‘करू सावकाश’ म्हणून राहते आणि उद्या अपघात झाला तर नोटीस मात्र जुन्या मालकाच्या नावाने जाते. नात्यातल्या व्यवहारात म्हणूनच कागद अधिक चोख असावेत.

परवान्याची चिंता नसावी. कायद्याच्या कलम 2(21) मध्ये हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत 7500 किलोपर्यंत रिकामे वजन असलेला ट्रॅक्टर समाविष्ट आहे, त्यामुळे आपला मोटारीचा परवाना चालतो. परंतु परवाना असणे आणि ट्रॅक्टर चालवता येणे यांत अंतर आहे. डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असलेले वाहन आपण आजवर चालवलेले नसेल. रस्त्यावर दोन्ही पेडले खटक्याने एकत्र जोडली नाहीत आणि घाईत एकच दाबले गेले, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो.

म्हणूनच नाशिकहून चालवत आणण्याचा विचार सोडून द्यावा. ट्रॅक्टरचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आसपास, म्हसा सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, आणि वाटेत कसारा घाटात मागून येणारे कंटेनर. शिवाय ट्रॅक्टर ठाण्याला आणायचेच कारण नाही. कसारा उतरल्यावर शहापूरला महामार्ग सोडावा आणि मुरबाडमार्गे म्हशाला जावे. भिवंडी वळणरस्ता, कल्याणची गर्दी, शहाडचा पूल आणि शहरात अवजड वाहनांना असणारी वेळेची बंदी, हे सगळे त्यामुळे टळते. फक्त पौष पौर्णिमेपासून म्हशाची यात्रा भरते, त्या दिवसांत हा बेत आखू नये; बैलबाजाराच्या गर्दीत ट्रकला वाट मिळत नाही.

छोटा ट्रॅक्टर असेल तर नऊ फुटी हौद्याची मोठी पिकअप पुरते, मात्र ट्रॅक्टर आणि अवजार यांचे एकत्रित वजन तिच्या आरसीवरील भारक्षमतेत बसते की नाही हे चालकाच्या शब्दावर न सोडता स्वतः वाचावे. पाऊण टन क्षमतेच्या छोट्या टेम्पोत ‘बसतोय की’ म्हणून कोंबू नये. पिकअपसकट एकूण भार तीन टनांच्या आसपास राहील, तेव्हा मोरीचा प्रश्नही हलका होईल.

खरी जोखीम चढवण्या-उतरवण्यात असते, प्रवासात कमी. हौदा जमिनीपासून अडीच फूट उंच असेल तर फळ्या किमान नऊ-दहा फूट लांब हव्यात. आखूड फळ्यांवर चढ उभा होतो आणि पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटण्याची भीती असते. ट्रॅक्टरचे वजन मागच्या भागात अधिक असल्यामुळे तो रिव्हर्समध्ये चढवावा आणि उतरवताना सरळ, पहिल्या गिअरमध्ये उतरवावा; फळीवर असताना क्लच दाबू नये. फळ्या हौद्याला साखळीने बांधलेल्या असाव्यात, कारण चाकाच्या रेट्याने फळी मागे सरकते आणि अपघात नेमका तेव्हा होतो. फळ्यांपेक्षाही चांगली सोय म्हणजे धक्का. मुरूम-मातीचा एखादा उंचवटा किंवा रस्त्यालगतचा उंच बांध पाहून पिकअप मागे घेत त्याला टेकवली आणि फाळका उघडला, तर हौदा आणि जमीन एका पातळीत येतात व ट्रॅक्टर सरळ चालत बाहेर येतो. असा उंचवटा डांबरी रस्त्याच्या कडेलाच सापडला, तर गाडी मोरीवर न्यावीच लागणार नाही. पुढचा अर्धा किलोमीटर ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर जाईल.

हौद्यात ट्रॅक्टर उभा केल्यावर हँडब्रेक ओढून लहान गिअरमध्ये टाकावा, लिफ्ट खाली करावी, किल्ली काढून घ्यावी आणि चारही चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. रॅचेट पट्टे किंवा साखळ्या मागच्या अॅक्सलला आणि पुढच्या भक्कम ब्रॅकेटला, चार कोपऱ्यांकडे ताणून बांधाव्यात. स्टिअरिंगच्या दांड्यांना किंवा मडगार्डला कधीही बांधू नये. रोटाव्हेटर सुटा करून वेगळा बांधावा. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी थांबवून पट्टे पुन्हा ताणावेत, कारण टायर दबून ते हमखास सैल पडतात.

निघण्यापूर्वी विमा पाहावा. त्रयस्थ पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, पण तो आपल्या ट्रॅक्टरचे नुकसान भरून देत नाही. सर्वसमावेशक म्हणजे पॅकेज पॉलिसीत रस्त्याने वाहून नेताना होणारे नुकसानही धरलेले असते, हे अनेकांना माहीत नसते. तशी पॉलिसी असल्यास तिची, आरसीची आणि विक्रीपत्राची प्रत पिकअपच्या चालकाकडे द्यावी.

नव्याचाही हिशेब करून पाहावा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. पाच लाखांच्या मूळ किमतीवर हा फरक 35,000 रुपयांचा होतो. जुन्या मालाचे भाव ठरवताना हा फरक विक्रेत्याच्या लक्षात आणून देण्यास हरकत नाही. नवा घेतल्यास ठाण्यात न शोधता शेताच्या जवळच्या विक्रेत्याकडून घ्यावा. तो घरपोच आणून देतो, आणि पन्नास तासांनंतरच्या पहिल्या सर्व्हिसला मेकॅनिक बांधावर येतो.

बाकी, ट्रॅक्टर दिवाळीनंतर आणावा, मृग लागल्यावर नव्हे. पावसाळ्यात घर बंद राहणार असेल तर बॅटरीची वायर सोडून ठेवावी, सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालावा आणि एअर क्लीनरच्या नळीत उंदरांनी घर केलेले नाही ना, हे पुन्हा चालू करण्याआधी पाहावे.

प्रश्न : आम्ही नेरूळला राहतो. कर्जत तालुक्यात वीस गुंठ्यांचा बिगरशेती भूखंड घेऊन त्यावर लाकडी घर उभारले आहे. अनुदानावर नवा छोटा ट्रॅक्टर घेऊन तो द्रुतगती मार्गाने न्यावा असा विचार आहे. हे शक्य आहे का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : दोन्ही गोष्टी आपण लिहिल्या तशा शक्य नाहीत. यांत्रिकीकरणाचे अनुदान महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शेतकरी म्हणून अर्ज करणाऱ्याला मिळते. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे, आणि तो शेतजमिनीच्या नोंदीवरून मिळतो. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणूनच आपण बिगरशेती भूखंड घेतला असणार. त्याच्या आधारे शेतकऱ्याची सवलत मागता येणार नाही. ज्यांना ती मागता येते, त्यांनीही पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये, अन्यथा अनुदान हातचे जाते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टर चालवण्यास बंदी आहे. ट्रकवर लादलेला ट्रॅक्टर हा माल असल्याने ट्रकला ती लागू होत नाही, तरी कर्जतला जायला पनवेल, चौक हा जुना रस्ताच सोयीचा आहे.

मात्र वीस गुंठ्यांत, त्यातही घर, अंगण आणि वाट वजा जाता, ट्रॅक्टरला काम किती मिळणार? गवतासाठी ब्रश कटर आणि वाफ्यांसाठी पॉवर वीडर घ्यावा. दोन्ही मोटारीच्या डिकीत किंवा मागच्या सीटवर मावतात. वर्षातून एकदा खोल नांगरट हवी असल्यास गावातला ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने बोलवावा आणि सेप्टिक टाकी व पाण्याची पाइपलाइन कोठून गेली आहे, तेवढे त्या चालकाला चुन्याच्या रेघा मारून आधी दाखवून ठेवावे.