सव्वापाचातून पावणेतीन वजा कसे करायचे? पाव लहान, पाऊण मोठा, तिथेच अडकतो

अहो, वजा करूच नका, पुढे मोजत जा. समजा सव्वापाच मीटर कापड आहे आणि ब्लाउजपीस-परकर मिळून पावणेतीन मीटर गेलं, तर पावणेतीनचे तीन व्हायला पाव लागतो आणि तीनपासून सव्वापाचपर्यंत सव्वादोन, म्हणजे उरलं अडीच मीटर, झालं. शाळेच्या पद्धतीने करायचं तर पाचातला एक मोडून चार पाव करा, मग ५ १/४ चे ४ ५/४ होतात आणि त्यातून २ ३/४ सहज जातात. बेरजेला मी सरळ सगळ्याचे पाव करते, दीड किलो कांदे म्हणजे सहा पाव, पावणेदोन किलो बटाटे सात पाव, एकूण तेरा, म्हणजे सव्वातीन किलोची पिशवी (आणि हाताला वळ 😄). फक्त तृतीयांश आला की पाव चालत नाहीत, तिथे बारावा भाग धरा.