घोडीच्या डोळ्यात वळवळणारा दोरा

प्रश्न (मावळातील एक शेतकरी): घोडीच्या डाव्या डोळ्यात चार दिवसांपासून पांढरा दोरा वळवळतोय. डोळा सारखा गळतो, त्यावर निळसर झाक आली आहे. शेजारीच सहा म्हशी बांधतो. कुणी तंबाखूचं पाणी घाला म्हणतं, कुणी जंताचं औषध पाजा म्हणतं. काय करू?

उत्तर: तंबाखूचं पाणी अजिबात घालू नका, डोळा कायमचा जाईल. घरात पडलेलं मलमही नको. त्यात स्टेरॉइड असलं आणि डोळ्यावर जखम असली, तर ती चिघळते.

तुम्ही सांगता त्यावरून हा सेटारिया जातीचा जंत दिसतो, आणि तो बहुतेक वेळा मुळात घोडीचा नसतोच. तो गाई-म्हशींच्या पोटाच्या पोकळीत राहतो आणि तिथे सहसा काही त्रास देत नाही. त्याची सूक्ष्म पिल्लं म्हशीच्या रक्तात फिरतात. डास ते रक्त पितो आणि पुढे घोडीला चावतो. परक्या शरीरात अळी वाट चुकते, भटकत डोळ्याच्या आतल्या पाण्यात येते. म्हणून डोळा धुऊन ती निघणार नाही. पापणीखाली, डोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर राहणारा, माश्यांमुळे होणारा जंत वेगळा. तो डॉक्टरांना चिमट्याने काढता येतो.

नुसत्या औषधावरही विसंबू नका. जंत आत मेला, तर डोळ्याची सूज वाढू शकते. खात्रीचा उपाय शस्त्रक्रिया. घोडीला भूल देऊन बुबुळाच्या कडेला बारीक छेद घेतात आणि जंत बाहेर काढतात. वेळेत काढला तर निळसरपणा हळूहळू उतरतो. उशीर झाला तर फूल पडून दृष्टी जाऊ शकते. म्हणून आजच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तिथे सोय नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कधी आणायचं, ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. तोवर घोडीला सावलीत, अंधाऱ्या जागी बांधा आणि ती डोळा घासणार नाही, हे बघा.

तिच्या चालीवरही लक्ष ठेवा. हीच अळी मज्जारज्जूत शिरली तर घोडी मागचे पाय ओढत चालते, तिची कंबर झुलते. याला कुमरी म्हणतात. असं दिसलं तर तासभरही थांबू नका.

घोडीला म्हशींपासून लांब बांधा. मावळात भातखाचरांत पाणी असतं, तिथले डास काही तुमच्या हातात नाहीत. पण गोठ्याचं साचलेलं सांडपाणी, उघडी पिंपं आणि डबकी तुमच्याच हातात आहेत. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा, पण घोडीच्या तोंडावर नको. दुखऱ्या डोळ्याला तो झोंबतो. जमल्यास तबेल्याला मच्छरदाणीची जाळी लावा. म्हशींच्या रक्ततपासणीचंही डॉक्टरांशी बोलून घ्या.