ई-सिगारेटचा फ्लेवर बदलताना टँक आणि कॉइल धुऊन पुन्हा वापरता येतात का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये आहात, सिगारेट सोडून तीन महिने झाले, मेंथॉलचं लिक्विड संपवून आंब्याचं भरलं, पण चार दिवस झाले तरी मेंथॉलच लागतंय. टँक (लिक्विड भरायची टाकी) आणि कॉइल (लिक्विड तापवणारा भाग) दोन्ही धुऊन वापरले तर चालतील का, असा तुमचा प्रश्न. टँक खुशाल धुवा, तो वर्षानुवर्षं टिकतो. कॉइल मात्र धुऊ नका, बदला.

हे इतकं ठामपणे सांगतोय, कारण याच गोष्टीत माझा पाय घसरला होता. सोळा वर्षं सिगारेट ओढल्यावर २०१८ मध्ये मी व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आलो. राहायला बर्मिंगहॅमला. पाचव्या महिन्यात कुणीतरी सांगितलं म्हणून जुनी कॉइल उकळत्या पाण्यात टाकली, रात्रभर रेडिएटरवर वाळवली आणि परत बसवली. पहिल्याच झुरक्याला घशात करपट धूर गेला आणि ठसका लागला. दुसरी कॉइल घरात नव्हती, रविवारची संध्याकाळ, व्हेपचं दुकान बंद. तासाभराने पेट्रोल पंपावर जाऊन दहा पौंडांचं सिगारेटचं पाकीट घेऊन आलो. ते पाकीट एकावर थांबलं नाही. पुन्हा सुटायला सहा आठवडे गेले. कॉइल मिळते दोन-तीन पौंडांना. तेवढे वाचवायला गेलो होतो. म्हणून नुकती सिगारेट सोडलेल्या माणसाने कॉइल धुण्याचा विचार केला की मला राहवत नाही.

कॉइल म्हणजे धातूची तार किंवा जाळी आणि तिला चिकटून भरलेला कापूस. कापूस लिक्विड ओढून घेतो, तार तापते, लिक्विडची वाफ होते. आपल्या समईसारखंच आहे: तेल आहे तोवर वात शांत जळते, तेल संपलं की वातच जळायला लागते. बाजारातल्या गोड फ्लेवरमध्ये बहुधा सुक्रॅलोज असतं. त्याची वाफ होत नाही, ते तारेवर करपून काळा थर धरतं, पाक लागलेल्या पातेल्याच्या बुडासारखा. आंबा, कस्टर्ड, स्ट्रॉबेरी यांच्या कॉइल म्हणूनच लवकर जातात. साधारण एक-दोन आठवडे धरा. साध्या तंबाखूच्या किंवा मेंथॉलच्या लिक्विडवर तीच कॉइल जास्त दिवस काढते.

धुतल्याने हा थर निघत नाही. वरवरचं लिक्विड निघून जातं आणि पाणी पिवळं होतं, त्यामुळे साफ झाल्यासारखं वाटतं. पण करपलेला भाग तारेला धरून असतो आणि आतला कापूस चुरगळून जागेवरून सरकतो. जिथे कापूस सुटला तिथे तार उघडी पडते, कोरडी तापते आणि शेजारचा कापूस जाळते. हा नुसता चवीचा प्रश्न नाही. कोरड्या तापलेल्या कॉइलमधून फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्यं बाहेर पडतात. धूर टाळायलाच आपण सिगारेट सोडली, तो अशा मार्गाने परत आत घ्यायचा कशाला? व्होडकात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवायचे उपायही लोक सांगतात. त्यानेही कापूस पूर्वीसारखा होत नाही आणि स्पिरिट आत राहिलं तर ते पेट घेऊ शकतं.

ज्यांना स्वतः तार गुंडाळून कापूस भरता येतो, अशा रिबिल्डेबल टँकवाल्यांची गोष्ट वेगळी. ते कापूस काढून टाकतात, तार हलकी तापवून घासतात आणि नवा कापूस भरतात. तिथेही तार पुन्हा वापरतात, कापूस नाही. तयार कॉइल तशी कधीच तापवू नका.

आता टँक. लिक्विडमध्ये मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं आणि दोन्ही पाण्यात सहज विरघळतात. त्यामुळे कोमट पाणी बहुतेक काम करतं. आधी बॅटरीवरून टँक काढा आणि उरलेलं लिक्विड टिश्यूने टिपून कचऱ्यात टाका, सिंकमध्ये ओतू नका. कॉइल बाहेर काढा. मग काच, माउथपीस, मधली नळी, हवेची रिंग आणि बूड सगळं सुटं करा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून दहा मिनिटं ठेवा, कापूस लावलेल्या काडीने नळीच्या आतून फिरवा आणि साबणाचा मागमूस राहणार नाही इतकं खळखळून धुवा. उकळतं पाणी नको. वाळायला घाई करू नका. मी संध्याकाळी धुतो आणि सकाळी जोडतो. बुडाच्या आट्यांमध्ये थेंबभर पाणी राहिलं तरी पहिले काही झुरके गुरगुरतात आणि तोंडात गरम शिंतोडे येतात.

तुमचा टँक काचेचा नसून प्लास्टिकचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दालचिनी, बडीशेप आणि लिंबू-संत्र्याच्या जातीचे फ्लेवर काही प्लास्टिकला तडे पाडतात. ते फ्लेवर काचेतच भरा.

तुमच्या मेंथॉलकडे येतो. काचेत आणि स्टीलमध्ये ते राहत नाही. ते राहतं दोन ठिकाणी, कॉइलच्या कापसात आणि सिलिकॉनच्या ओ-रिंगांमध्ये, म्हणजे जोडांतून गळती होऊ नये म्हणून बसवलेल्या गोल रबरी कड्यांमध्ये. प्रेशर कुकरची रिंग आठवा. कितीही घासली तरी तिला आमटीचा वास येतोच, आणि हिंगाच्या डब्यात दुसरं काही ठेवायची कुणाची हिंमत होत नाही. मेंथॉल, बडीशेप आणि दालचिनी ही त्याच जातीची. यांचा वास रबरात मुरतो. टँकच्या खोक्यात बहुतेक वेळा जादा रिंगा आणि काच येतात. खोकं टाकून दिलं नसेल तर त्यातल्या रिंगा काढून ठेवा. जुन्या रिंगा साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून दोन दिवस हवेवर टाकल्या तर वास पुष्कळ कमी होतो. त्या मेंथॉलसाठीच बाजूला ठेवल्या तर सगळ्यात बरं.

कॉइल अजून नवी असेल, चव करपट नसेल आणि फ्लेवर साधे असतील, तर धुण्याच्या भानगडीत न पडता टँक पुसून नवं लिक्विड भरलं तरी चालतं. पहिल्या टँकला दोन्ही चवी मिसळून येतात, दुसऱ्यापर्यंत जुनी जाते. सफरचंदावरून द्राक्षावर जाताना मी हेच करतो. मेंथॉलवरून आंब्यावर मात्र कधीच नाही. उलट क्रम चालतो: आधी आंबा, कॉइल जायला आली की शेवटचे दोन दिवस मेंथॉल, मग कॉइल फेकायची. कॉइल मरायला टेकली असताना सौम्य फ्लेवर त्यात वाया जातो, मेंथॉलचं काही बिघडत नाही.

रोज दोन चवी लागत असतील तर सरळ दुसरा टँक घ्या. इथल्या नियमाने टँकमध्ये २ मिलिलिटरच बसतात, त्यामुळे तो मोठा किंवा महाग नसतो. पॉड, म्हणजे टँकऐवजी उपकरणात खोचायची छोटी डबी, वापरणाऱ्यांनी दुसरा पॉड घ्यावा. ज्या पॉडमध्ये कॉइल कायमची बसवलेली असते तो धुऊन काही साधत नाही. आणि आधीच भरून येणारे, पुन्हा भरण्यासाठी न बनवलेले पॉड सुईने किंवा चाकूने उघडू नका. १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपची विक्री इथे बंद झाल्यावर हा प्रकार मी बऱ्याच जणांना करताना पाहिला. सील तुटलं की लिक्विड झिरपतं आणि बॅटरीपर्यंत पोचतं.

नवी कॉइल बसवलीत की वातीची गोष्ट विसरू नका. कोरडी वात पेटवत नाहीत, आधी तेलात भिजवतात. कॉइलच्या बाजूच्या भोकांतून दिसणाऱ्या कापसावर लिक्विडचे तीन-चार थेंब टाका, टँक भरा आणि दहा मिनिटं तसाच उभा ठेवा. मग कॉइलवर छापलेल्या वॅटपैकी सगळ्यात कमी आकड्यावर सुरुवात करा. नवी कॉइल पहिल्या दिवशीच करपली अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही दहा मिनिटं दिलेली नसतात.

बॅटरीला पाणी लावायचं नाही. जिथे टँक फिरवून बसतो तिथला चिकटपणा बंद उपकरणावर कोरड्या कापसाच्या काडीने पुसा, बस. निकोटिन त्वचेतून शरीरात जातं, म्हणून हे सगळं करताना हातमोजे घाला, निदान नंतर हात धुवा. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर धुवायला ठेवलेली वाटी ओट्यावर तशीच सोडू नका. थोडंसं लिक्विडही पोटात गेलं तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो, कारण गेल्या वर्षी आमच्या एका ओळखीच्यांची विमानतळावर पंचाईत झाली होती. दिवाळीला घरी जाताना यातलं काहीही बॅगेत नेऊ नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट आणणं, विकणं, बनवणं बंद आहे आणि पहिल्या गुन्ह्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सुटे भागही त्यात येतात. तेवढ्या दिवसांसाठी निकोटिनचे च्युइंग गम किंवा पॅच घेऊन जा. मी तसंच करतो आणि दरवेळी परत येताना निकोटिन थोडं कमी केलेलं असतं. मिलिलिटरला १८ मिलिग्रॅमपासून सुरू केलं होतं, आता ३ वर आहे.

आज संध्याकाळी एवढं करा. कॉइल काढून टाका, टँक वर सांगितल्याप्रमाणे धुवा आणि उद्या सकाळी रिकाम्या टँकचा वास घ्या. काहीच वास आला नाही तर नवी कॉइल घाला आणि आंबा भरा. मेंथॉलचा वास आलाच तर तो रिंगांचाच, त्या बदलल्याशिवाय आंबा वाया घालवू नका.