विंडोज ११ आल्यापासून रोजचे काम मंदावले आहे; जुनी मांडणी परत आणता येते का, की दोष माझ्या वयाचाच आहे?

आपण लिहिले आहे की, कार्यालयातील संगणकावर विंडोज १० च्या जागी विंडोज ११ आले तेव्हापासून पगारबिलांच्या पंधरा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो, शेजारच्या टेबलावरची तरुण मुले गालातल्या गालात हसतात आणि चौपन्नाव्या वर्षी हे नव्याने शिकणे आपल्याला जमेल असे वाटत नाही. जुनी मांडणी परत मिळेल का, आणि बरे चालले होते ते बदलण्याची गरजच काय होती, असे आपले दोन प्रश्न आहेत. या दोहोंआड दडलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. दोष वयाचा नाही. वीस-पंचवीस वर्षे हाताला जी सवय लागली होती, तीच आता आडवी येते आहे, आणि ज्याची सवय जितकी पक्की तितका तो अधिक अडखळतो. हसणाऱ्या मुलांना अजून मोडण्यासारखी सवयच लागलेली नाही, एवढाच फरक आहे.

हे मी खात्रीने सांगू शकते, कारण लातूर जिल्ह्यातील औशात तहसील कार्यालयाच्या रस्त्यावर अर्ज भरून देण्याचे आणि मराठी डीटीपीचे माझे दुकान आहे, आणि त्याच गाळ्यात पूर्वी माझ्या वडिलांची टंकलेखन संस्था होती. वडील शिकवताना विद्यार्थ्याच्या हातांवर टॉवेल टाकत. समोर फक्त उताऱ्याचा कागद असे, आणि टॉवेल उचलून कुणी खाली डोकावला की टेबलावर पट्टी वाजे. अक्षर डोळ्यांना नव्हे, बोटांना पाठ झाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे असे. संस्थेतली यंत्रे बदलली, रिबनी बदलल्या, परंतु अक्षरांच्या जागा बदलल्या नाहीत, आणि म्हणूनच तिथे शिकलेला माणूस पुढे कुठल्याही कचेरीत गेला तरी पहिल्या दिवसापासून कामाला लागत असे. संगणकाच्या पडद्यावरही आपण नकळत तसेच काम करतो. बटण कुठे आहे ते आपण वाचत नाही. हात तिथे जाऊन पोहोचलेला असतो.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार हे ठाऊक असल्यामुळे, त्या वर्षीच्या जुलैत, खरिपाच्या पीक विम्याची गर्दी ऐन भरात असताना, एका रात्री मी दुकानातील मुख्य संगणकावर विंडोज ११ चढवले. हा मूर्खपणा सर्वस्वी माझा होता. ऐन पेरणीत बैल बदलू नये, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातबारा, आठ-अ, पासबुक आणि पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र घेऊन माणसे दारात उभी होती. प्रत्येकाचे कागद स्कॅन करायचे, फाइलला नाव द्यायचे, तिचा आकार ठरलेल्या मर्यादेत बसवायचा आणि ती चढवायची, हे काम मी बोलता बोलता करत असे. त्या दिवशी मला बोलणे बंद करावे लागले. बाकावर बसलेले एक ओळखीचे मामा थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अक्का, मशीन बदलली काय? आज तुम्हीच हुडकायलाव!"

मी नेमके काय हुडकत होते, ते थोडे सविस्तर सांगते, कारण आपलाही वेळ तिथेच जात असणार. काहीही उघडायचे म्हटले की माझा हात माउस खाली डावीकडे फेकत होता. विंडोज ९५ हे २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आले तेव्हापासून स्टार्टचे बटण बहुतांश काळ त्याच कोपऱ्याला राहिले आहे, आणि ती जागा सोयीची आहे यालाही कारण आहे. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोहोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो, हा नियम पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडला. पडद्याच्या कोपऱ्यात दोन कडा माउसच्या बाणाला अडवतात, त्यामुळे माउस कितीही जोरात ढकलला तरी तो कोपरा ओलांडून पुढे जात नाही. म्हणजे तिथले छोटे बटणसुद्धा हाताला मोठे वाटते. नव्या मांडणीत स्टार्ट हे पडद्याच्या खालच्या पट्टीच्या, म्हणजे टास्कबारच्या, मध्यावरील चिन्हांच्या रांगेत गेले आहे. ते तिथे तरी स्थिर राहते म्हणावे, तर एकेक खिडकी उघडत जाल तशी ती रांग दोन्ही बाजूंनी पसरते आणि स्टार्ट डावीकडे सरकत जाते. सकाळी दोन खिडक्या उघड्या असताना ते एका जागी असते, दुपारी आठ उघड्या असताना दुसऱ्या. अशा बटणाची जागा बोटांना पाठ होणार कशी? जुन्या कोपऱ्यात आता हवामानाचे चिन्ह असते आणि त्यावर बाण नुसता थांबला तरी बातम्यांचा फलक पडद्यावर उलगडतो. समोर विमा भरायला आलेला शेतकरी आणि मधे पावसाचा अंदाज, इतके समर्पक आणि इतके निरुपयोगी दृश्य मी क्वचितच पाहिले असेल.

दुसरी जागा उजव्या क्लिकची. पूर्वी फाइलवर उजवी क्लिक केली की कट, कॉपी, डिलीट, रिनेम हे शब्द एकाखाली एक येत. विंडोज ११ मध्ये ते आधी नुसत्या चिन्हांच्या आडव्या ओळीत आले: कात्री, एकावर एक ठेवलेले दोन कागद, केराची टोपली. ही ओळ बाण पडद्यावर कुठे आहे त्यानुसार कधी यादीच्या वर येते, कधी खाली. चिन्हांखाली शब्द आले ते २०२४ च्या अपडेटनंतर. इतर प्रोग्रॅमांनी त्या यादीत जोडलेल्या बऱ्याच सोयी 'शो मोअर ऑप्शन्स' या ओळीमागे गेल्या, म्हणजे एका क्लिकचे काम दोन क्लिकांचे झाले. एकदा करणाऱ्याला याचे काही वाटणार नाही. परंतु दिवसाला शेकडो फाइली हाताळणाऱ्याला संध्याकाळी मनगट सांगते.

बदल केला का, याचे उत्तर अर्धे इतिहासात आहे. २०१० नंतर बोटाने चालवायच्या टॅब्लेटची लाट आली आणि टेबलावरच्या संगणकालाही तसाच चेहरा द्यावा, असे उत्पादकांना वाटू लागले. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मध्ये स्टार्टचे बटणच काढून टाकले होते आणि त्याच्या जागी रंगीत फरशांचा पूर्ण पडदा आला होता. संगणक बंद कसा करायचा, हेसुद्धा लोकांना शोधावे लागत होते. वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, विंडोज ८.१ ने बटण परत आणले, मात्र ते दाबले की तोच फरशांचा पडदा येई. खरी यादी परत यायला जुलै २०१५ चे विंडोज १० उजाडावे लागले. विंडोज ११ ची मध्यावरची मांडणी आली आहे ती विंडोज १०एक्स नावाच्या प्रणालीतून. ती मुळात दोन पडद्यांच्या उपकरणांसाठी आखली जात होती आणि २०२१ साली बाजारात न येताच गुंडाळली गेली. शिवाय खालची पट्टी नव्याने लिहिली गेल्यामुळे जुन्या पट्टीतल्या कित्येक सोयी सुरुवातीला तिच्यात नव्हत्याच. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा पट्टी वर किंवा बाजूला नेता येत नव्हती, फाइल ओढून तिच्यावर टाकता येत नव्हती आणि खिडक्यांची नावे तिच्यावर दिसत नव्हती. फाइल ओढण्याची सोय २०२२ मध्ये परतली, नावांची २०२३ मध्ये. म्हणजे आपली चिडचिड अनाठायी नाही; जे लोकांनी मागून मागून परत मिळवले, ते काढायलाच नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे केवळ एका कंपनीचे दुखणे आहे असेही नाही. लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या संगणक प्रणालीवर २०११ साली नोम या डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीची, तिसरी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात जुन्याची इतकी मोडतोड झालेली वाटली की लिनक्सचे खुद्द जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी जाहीर नापसंती व्यक्त करून काही काळ एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप वापरला. तिथे फरक इतकाच होता की, प्रोग्रॅमचे मूळ लिखाण सर्वांना खुले असल्यामुळे नाराज मंडळींनी जुन्या आवृत्तीचा धागा उचलून माते हा वेगळा डेस्कटॉप उभा केला आणि लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या मंडळींनी सिनामन नावाचा आणखी एक तयार केला. भाऊबंदकीत वाटणी होऊन दोन्ही घरे सुखाने नांदावीत, तसे ते झाले. आपल्याला कार्यालयातील संगणकावर ती मुभा नाही. तिथे जे दिले आहे त्यातूनच वाट काढायची आहे.

वाट बऱ्यापैकी निघते. खालच्या पट्टीच्या रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज उघडा, त्यात टास्कबार बिहेवियर्समध्ये अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. स्टार्ट आपल्या जुन्या कोपऱ्यात येऊन स्थिर होईल. तिथेच खिडक्या एकत्र गोळा करण्याचा पर्याय 'नेव्हर' केला की प्रत्येक खिडकी नावानिशी वेगळी दिसेल, आणि विजेट्स (कोपऱ्यातले ते हवामानाचे चिन्ह) बंद केले की बातम्यांचा फलक उलगडणार नाही. या तीन गोष्टींनीच माझी निम्म्याहून अधिक चिडचिड गेली. उजव्या क्लिकची जुनी यादी हवी असेल तेव्हा शिफ्ट दाबून धरून उजवी क्लिक करा, किंवा फाइल निवडून शिफ्ट आणि एफ१० दाबा. फाइलचे नाव बदलायला एफ२ पूर्वीही होते आणि आजही आहे. कट, कॉपी, पेस्टसाठी कंट्रोलसह एक्स, सी, व्ही आहेतच. विंडोजचे बटण आणि ई दाबले की फोल्डर उघडतात, विंडोज आणि आर दाबून 'कंट्रोल' हा शब्द इंग्रजीत टाइप केला की जुने कंट्रोल पॅनेल समोर येते, आणि विंडोज व स्पेसने मराठी-इंग्रजी कळफलक बदलतो. माझा आग्रह असा की माउसची नवी वाट पाठ करण्यापेक्षा या कळा पाठ कराव्यात, कारण पडद्याची रचना इतक्यांदा बदलली तरी या कळा जागच्या हललेल्या नाहीत. मी त्या एका कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवल्या होत्या. तो कागद तिथे दोन-अडीच आठवडे होता.

जुना चेहरा परत आणून देणारे इतरांनी बनवलेले प्रोग्रॅमही मिळतात. माझ्या घरच्या संगणकावर मी ओपन-शेल नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरून पाहिला आणि तो मला आवडला, परंतु मोठे अपडेट आले की असे प्रोग्रॅम कधी कधी बिघडतात, आणि कार्यालयाच्या संगणकावर तर परवानगीशिवाय काही टाकूच नये. विंडोज १० वर परत जाण्याची सोय सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग रिकव्हरी या ठिकाणी असते, पण नवी प्रणाली चढवल्यापासून फक्त दहा दिवस. आपल्या वर्णनावरून ती मुदत उलटून गेली असावी. उलटली नसली तरी, सुरक्षा अपडेटची वेगळी नोंदणी केल्याशिवाय पगाराची माहिती असलेला संगणक विंडोज १० वर चालवणे मला योग्य वाटत नाही.

वर सांगितलेले बदल करायला फार तर पंधरा मिनिटे लागतील. ते एखाद्या सैल दुपारी करा. पगारबिलांच्या आठवड्यात मात्र हात लावू नका.