खापर वयावर फोडू देऊ नका (जपान, स्टुडंट व्हिसा, पन्नाशीनंतर)

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय की जपानला भाषाशाळेत शिकायला जायचंय, वय ५३, कंपनीतून व्हीआरएस, एन५ (जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पायरी, त्यापुढची एन४) झालंय, आणि नाशिकचा एजंट म्हणतो ही ‘एज केस’ आहे, जास्तीचे पैसे लागतील. नाहीतर सरळ टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कन्व्हर्ट करून घेऊ. ही दोन्ही वाक्यं मी ऐकलेली आहेत, अगदी याच सुरात, फक्त पुण्यात. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी बँकेतून व्हीआरएस घेऊन पन्नाशी ओलांडल्यावर फुकुओकाच्या एका भाषाशाळेत शिकून आले. सीओई (व्हिसाच्या आधी जपानच्या इमिग्रेशनकडून मिळवायचं पात्रतेचं प्रमाणपत्र) काय असतं, शाळाच तुमच्या वतीने त्यासाठी अर्ज करते, बारा वर्षांचं शिक्षण लागतं वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. आधीच सांगते, मी एजंट नाही, वकील नाही. शाळेगणिक कागदांची यादी वेगळी असते आणि नियम बदलत असतात. शेवटचा शब्द शाळेचा.

वयाचं म्हणाल तर स्टुडंट व्हिसाला कायद्यात वरची वयोमर्यादा नाही. शाळा मात्र स्वतःची अट घालतात. काही ठिकाणी पस्तिशीच्या पुढचे चालतच नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, पुढची शाळा बघायची. वय वाढलं की एकच गोष्ट बदलते : प्रश्न वाढतात. विशीतल्या मुलाला कोणी विचारत नाही की बाबा, आता का शिकतोस? आपल्याला विचारतात, आणि ते उत्तर एका पत्रात द्यायचं असतं. जपानीत त्याला रियूशो म्हणतात, म्हणजे कारणं सांगणारं पत्र. माझं घोडं तिथेच पेंड खात होतं, आणि मला ते कळायला पहिला नकार यावा लागला.

झालं असं की मी एका कन्सल्टन्सीकडे गेले. नाव घेत नाही. लक्ष्मी रोडच्या जवळपास, एसी, भिंतीवर फुजीचं पोस्टर. त्यांनी सगळे कागद घेतले, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या आणि म्हणाले, मॅडम, लेटर आम्ही करतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी ड्राफ्ट मागितला. ‘जपानीत आहे, तुम्हाला काय कळणार?’ एन४ ची तयारी करणाऱ्या बाईला हे! पुन्हा मागितला तर ‘पाठवलं मॅडम, आता सबमिट झालं.’ ऑक्टोबरच्या बॅचचा अर्ज होता. ऑगस्टच्या शेवटी निकाल आला : नकार. कारण विचारलं तर ‘एज. आम्ही आधीच बोललो होतो.’

तोवर मी फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देऊन बसले होते. करार झालेला, भाडेकरूंचं सामान आलेलं. मी बहिणीकडे कोथरूडला, माझी कपाटं तिच्या गॅलरीत. बहीण काही बोलली नाही, पण भावोजी रोज सकाळी ‘मग, जपानचं काय?’ विचारायचे.

आता महत्त्वाचं. नकाराचं पत्र शाळेकडे जातं आणि त्यात कारण त्रोटक असतं. पण शाळेचा माणूस इमिग्रेशनच्या ऑफिसात गेला तर तिथले अधिकारी तोंडी खुलासा करतात. कन्सल्टन्सीने हे मला सांगितलंच नाही; बहुधा त्यांना ते नकोच होतं. मी शाळेला थेट ईमेल केला, मोडक्यातोडक्या जपानीत. तिथल्या ऑफिसातली बाई जाऊन आली, खुलासा कळवला आणि माझ्या नावाने जमा झालेल्या अर्जाच्या प्रतीही पाठवल्या. तेव्हा ते रियूशो मी पहिल्यांदा वाचलं, शब्दकोश घेऊन बसून.

त्यात लिहिलं होतं की मला लहानपणापासून ॲनिमेची आवड आहे. माझं लहानपण दूरदर्शनवर एकच वाहिनी दिसायची त्या काळातलं. ॲनिमे हा शब्द मी चाळिशीनंतर ऐकला! पुढे, अभ्यासक्रम संपल्यावर मला जपानच्या आयटी कंपनीत नोकरी करायची आहे. बँकेतल्या नोकरीचा उल्लेख एका ओळीत, तोही वर्षं चुकवून. कुठल्यातरी पोराचं पत्र उचलून वरचं नाव बदललेलं होतं. नावातही कताकाना (परदेशी नावं लिहायची जपानी लिपी) अर्जात एक आणि पत्रात दुसरं.

आणि खर्चाचा भाग तर कहरच. माझ्याकडे ग्रॅच्युइटी, पीएफ, व्हीआरएसची रक्कम असं सगळं स्वच्छ खात्यात असताना त्यांनी आग्रह धरला की रिटायर्ड माणसाचा स्वतःचा पैसा चालत नाही, पुतण्याला स्पॉन्सर दाखवा. पुतण्याच्या पगाराच्या मानाने खात्यातली शिल्लक फार मोठी होती, कारण त्याने नुकतंच कार विकून आणि एफडी मोडून पैसे एका जागी आणले होते. इमिग्रेशनचा आक्षेप हाच : पैसा जमला कसा ते दिसत नाही, आणि पुतण्या काकूचा खर्च का करतोय तेही. आयुष्यभर कर्जाच्या फायली तपासलेल्या बाईच्या फायलीत असा घोळ. वयाचा शब्दसुद्धा नव्हता त्यात.

बिलात ‘इमिग्रेशन फी’ म्हणून एक रक्कम होती. सीओईच्या अर्जाला जपान सरकार फी घेत नाही. शाळा निवड शुल्क घेते, साधारण २०,००० ते ३०,००० येन, ते वेगळं. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. वर शाळांकडून एजंटांना कमिशन असतंच. असो, बीपी वाढतो माझा.

दुसरा अर्ज एप्रिलच्या बॅचसाठी केला, दुसऱ्या शाळेतून, थेट. इथे एक गोष्ट लक्षात घ्या : पहिला अर्ज पुसला जात नाही. नव्या अर्जात आधीच्या नकाराचा रकाना असतो आणि इमिग्रेशनवाले दोन्ही फायली शेजारी ठेवून बघतात. त्यामुळे स्पॉन्सर का बदलला, कारण का बदललं, हे सगळं मला वेगळ्या पत्रात खुलाशाने लिहावं लागलं. एका खोट्या पत्राचा खुलासा करताना मी जेवढी शाई खर्च केली तेवढी मूळ अर्जालाही लागली नसती. म्हणून पहिला अर्ज जपून करा.

माझं खरं कारण साधं होतं. शेवटची काही वर्षं चाकणच्या शाखेत होते. आसपास जपानी कंपन्या, त्यांचे लोक खाती उघडायला, रकमा पाठवायला यायचे. दुभाष्या नसला की अर्धा दिवस खुणांवर. तेव्हा शिकायला लागले. मी मराठीतच लिहून काढलं : आता का (नोकरी संपली, मुलगी मार्गी लागली), पुण्यात जपानी शिकवणाऱ्या चांगल्या संस्था असताना जपानलाच का (आठवड्याच्या चार-सहा तासांत वाचता येतं, पण समोरचा वेगाने बोलला की पाटी कोरी), आणि नंतर काय (परत येऊन चाकण-तळेगाव पट्ट्यात दुभाषी म्हणून आणि नवशिक्यांना शिकवणं). त्याचं जपानी माझ्या पुण्यातल्या सेन्सेईंनी, म्हणजे जपानीच्या शिक्षकांनी, तपासून दिलं. माझं मत विचाराल तर हा ‘पुण्यात/नाशकात मिळतं मग तिथे का’ प्रश्न सगळ्यात जड असतो, आणि ‘जपानी संस्कृती आवडते’ हे त्याचं उत्तर होत नाही. तुम्ही कंपनीत काय काम करत होता ते पोस्टमध्ये नाही. त्यात जपानशी कुठलाही धागा असेल, एखादं मशीन, एखादा सप्लायर, तर तोच धरा.

पैशाचं : स्वतःच स्वतःचे स्पॉन्सर होता येतं. बँकेच्या शिल्लकीच्या दाखल्यासोबत कंपनीचं सेटलमेंटचं पत्र, पीएफ निघाल्याचा कागद, मागच्या काही वर्षांचे आयटीआर. रक्कम आली कुठून आणि कोणत्या तारखेला हे पासबुकाच्या नोंदीला नोंद लावून दिसलं पाहिजे. एका वर्षाची फी ढोबळमानाने ७ ते ९ लाख येन धरा, राहणं-खाणं वेगळं. आणि आठवड्याला २८ तास काम करायची परवानगी मिळते म्हणून त्या कमाईचा हिशोब बजेटमध्ये धरू नका, पत्रात तर त्याचा उल्लेखही नको.

टुरिस्टवर जाऊन ‘कन्व्हर्ट’ करण्याच्या भरवशावर मुळीच जाऊ नका. तो मार्ग अपवादाचा आहे, योजना करायचा नाही. पण बऱ्याच शाळांत ९० दिवसांच्या आतले छोटे कोर्स असतात, ते शॉर्ट टर्म व्हिसावर करता येतात. विशीतल्या मुलांसोबत रोज चार तास बसणं झेपतं का हे बघायला ते उत्तम. मी ते केलं नाही, पण करायला हवं होतं असं वाटतं.

घरच्यांना नेण्याचा विचार असेल तर भाषाशाळेच्या विद्यार्थ्याला जोडीदारासाठी डिपेंडंट व्हिसा मिळत नाही. हे लोकांना फार उशिरा कळतं. आणि हजेरी ८० टक्क्यांखाली गेली की मुदतवाढीला अडचण येते. घरात वृद्ध आई-वडील असतील तर ‘मध्येच महिनाभर येऊन जाईन’ हे गणित आधीच मांडून बघा.

बायकांसाठी एक वेगळी टीप, कारण इथे बऱ्याच जणी वाचत असतील. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, आडनाव दोन्हीकडे वेगळं. आपल्याकडे हे इतकं नेहमीचं की आपल्याला खटकत नाही. तिकडे खटकतं. विवाह नोंदणीचा दाखला त्याच्या जपानी भाषांतरासकट पहिल्यापासूनच जोडा.

आणि गोळ्या. हा आपल्या वयाचा प्रश्न, विशीतल्या यूट्यूबर्सना सुचत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं महिन्याभराची नेता येतात. त्याहून जास्त न्यायची तर आधी युन्यु काकुनिन्शो नावाची परवानगी काढावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते ठरावीक प्रमाणाच्या वर तिकडे बंदच आहे. चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव लिहून घ्या, ब्रँडवरून तिथल्या डॉक्टरला काही बोध होत नाही. तिकडे गेल्यावर राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावाच लागतो, मग खर्चाचा ३० टक्के वाटाच आपण भरायचा. बीपीच्या गोळ्या मी पुढे तिथूनच घेतल्या.

त्या एजंटाला अजून सही दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर आज त्याला ईमेलवर विचारा की कोणत्या शाळेकडे काय गेलंय, आणि प्रती मागा. उत्तर काय येतं ते इथे कळवा. सोबत वयाची अट नसलेल्या दोन-तीन शाळा शोधून नावं टाकलीत तर त्यांना पहिल्या ईमेलात काय विचारायचं ते सांगते.