लिक्स या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये खालच्या चौकटीत लाटेक कोड (दस्तऐवजाची मांडणी करणाऱ्या लाटेक प्रणालीच्या आज्ञा) दिसतो, पण त्या चौकटीत टाइप का होत नाही?

नाही होणार, कारण ती चौकट फक्त बघण्यासाठी आहे. लिक्स तुमचा मजकूर स्वतःच्या वेगळ्या रचनेत साठवतं आणि लाटेक कोड त्यातून दर वेळी नव्याने तयार करतं. उलटा रस्ता त्या चौकटीत नाही.

पण बहुतेक वेळा आपल्याला एखादीच आज्ञा हवी असते. त्यासाठी कर्सर हव्या त्या जागी ठेवून कंट्रोल आणि एल दाबा. लाल अक्षरांची छोटी पेटी उघडेल. तिच्यात जे लिहाल ते जसंच्या तसं लाटेककडे जातं. प्रबंध लिहिताना मी दोन तक्त्यांमधली जागा अशीच वाढवली होती, खूप सोयीचं पडतं. आज्ञा संपूर्ण दस्तऐवजाला लागू करायची असेल तर डॉक्युमेंट, सेटिंग्ज, लाटेक प्रीअँबल (दस्तऐवजाच्या सुरुवातीच्या आज्ञांची जागा) इथे लिहा.

सगळाच कोड हाताने बदलायचाय? मग लाटेकमध्ये एक्सपोर्ट करा आणि पुढे तिथेच काम करा. परत लिक्समध्ये आणलंत तर त्याला न समजलेल्या आज्ञा लाल पेट्या होऊन येतात आणि निस्तरताना जीव मेटाकुटीला येतो.

लिक्सची मूळ फाइलही साधी टेक्स्टच असते, नोटपॅडमध्ये उघडते. एकच शब्द शंभर ठिकाणी बदलायला बरी, पण आधी प्रत काढून ठेवा.